मूत्राघात आणि आंत्रवृद्धी : साठीनंतरच्या पुरुषाच्या दोन तक्रारींचा एकत्रित विचार

साठी उलटलेला पुरुष रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा गुडघे, रक्तदाब, झोप, बद्धकोष्ठ यांविषयी मोकळेपणाने बोलतो. लघवीची तक्रार तो अगदी शेवटी, उठता उठता सांगतो. जांघेतील गाठीविषयी तर पुष्कळदा सांगतच नाही. ‘वयोमानाने व्हायचेच’ अशी त्याची समजूत असते आणि घाईच्या वेळी आपणही ती समजूत नकळत मान्य करतो. पौरुषग्रंथीची वृद्धी, तिच्यामुळे होणारा मूत्रमार्गाचा अवरोध आणि वंक्षणातील आंत्रवृद्धी हे विषय आपल्या वैद्यबंधूंना नवे नाहीत. परंतु हे विकार एकाच रुग्णात एकत्र असताना त्यांचा एकत्र विचार होतोच असे नाही. तो न झाल्याने काय घडते हे आम्ही स्वतःच्या चिकित्सालयात पाहिले आहे. त्या अनुभवापासूनच प्रस्तुत लेखाचा आरंभ करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

एक रुग्ण, एक चूक

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. वय ६८. मुख्य तक्रार अशी की, रात्री झोपेत अंथरूण ओले होते. दिवसा लघवीला वारंवार जावे लागते, धार बारीक, शेवटी थेंब थेंब. मात्र कळ नाही, दाह नाही. उजव्या जांघेत तीन वर्षांपासून उतरणारी व निजल्यावर आत जाणारी गाठ होती. तिच्यासाठी ते दुकानातून आणलेला हर्नियाचा पट्टा बांधीत असत. आम्ही प्रकृती पाहिली, नाडी पाहिली, जिव्हा पाहिली. अपानवैगुण्य आणि बस्तीचे दौर्बल्य असे निदान करून चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ आणि पुनर्नवायुक्त क्वाथ सुरू केला. पंधरा दिवसांत ‘जरा बरे वाटते’ असे ते म्हणाले. तेवढ्यावर आम्ही समाधान मानले आणि चार महिने तीच औषधी चालू ठेवली.

पाचव्या महिन्यात अरुची, हृल्लास, पायांवर शोथ आणि पांडुता घेऊन ते आले. त्या दिवशी आम्ही त्यांना प्रथमच निजवून उदर पाहिले. नाभीपर्यंत पोहोचलेला, गोल, आहननाने मंद ध्वनी देणारा, वेदनारहित उत्सेध हाताला लागला. तो मूत्राने भरलेला बस्ती होता. रक्तातील क्रिॲटिनिन ५.८ आले. रुग्णालयात मूत्रनलिका घातल्यावर दीड लिटरहून अधिक मूत्र निघाले. पुढे पौरुषग्रंथीचे शस्त्रकर्म झाले, त्यानंतर काही महिन्यांनी आंत्रवृद्धीचेही झाले. वृक्कांचे कार्य सुधारले, परंतु पूर्ववत झाले नाही.

रात्री झोपेत नकळत मूत्रस्राव होणे हे वृद्ध पुरुषात दौर्बल्याचे लक्षण मानण्यापूर्वी बस्ती काठोकाठ भरून वाहत तर नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. भरलेल्या रांजणातून सांडणारे पाणी पाहून रांजण रिकामा होत आहे असे आम्ही समजलो. पुढे एकदा भेटीस आले असता ते शिक्षक कोणताही राग न धरता एवढेच म्हणाले, “डॉक्टर, वही उघडून पाहिल्याशिवाय मी कधी मुलांना गुण दिले नाहीत.” त्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ग्रंथोक्त मूत्राघात

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत आणि त्यापुढील अध्यायात मूत्रकृच्छ्राचा स्वतंत्र विचार केला आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात त्रिमर्मांच्या संदर्भात बस्तीचे तेरा विकार सांगितले आहेत. कृच्छ्र आणि आघात यांतील भेद मधुकोशकारांनी नेमका दाखविला आहे : मूत्रकृच्छ्रात वेदना अधिक व विबंध अल्प, मूत्राघातात विबंध बलवान व वेदना अल्प. हा भेद आजच्या चिकित्सालयातही तितकाच उपयुक्त आहे. दाह, कळ व ज्वर सांगणारा रुग्ण बहुधा संसर्गाचा किंवा अश्मरीचा असतो. ‘दुखत काही नाही, पण होत नाही’ असे म्हणणारा रुग्ण अवरोधाचा असतो आणि दुखत नाही म्हणूनच तो उशिरा येतो.

पौरुषग्रंथीच्या वृद्धीशी वाताष्ठीला व मूत्रग्रंथी यांचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. मलमार्ग व बस्ती यांच्या मध्ये राहणारी घन, उन्नत, मल-मूत्र-वात यांचा अवरोध करणारी ग्रंथी ती अष्ठीला; बस्तिमुखाच्या आत उत्पन्न होणारी, लहान, वाटोळी, स्थिर ती मूत्रग्रंथी. पहिले वर्णन गुदपरीक्षणात बोटाला लागणाऱ्या वृद्धीचे स्मरण करून देते, तर दुसरे बस्तीच्या मुखाशी आत वाढणाऱ्या मध्यखंडाचे. तथापि ग्रंथोक्त एक नाव म्हणजेच आधुनिक एक रोग, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. एकाच रुग्णात आज मूत्रातीत, सहा महिन्यांनी मूत्रोत्संग आणि वर्षाने मूत्रजठर अशी अवस्था दिसू शकते. हे बारा प्रकार पुष्कळदा एकाच वाटेवरील टप्पे असतात.

आमची चूक येथेच झाली. मूत्रजठराच्या वर्णनात नाभीच्या अधोभागी आध्मान आणि तीव्र वेदना सांगितली आहे. आमच्या रुग्णास वेदना नव्हती, म्हणून तो विचार मनात आला नाही. अवरोध अचानक झाला तर वेदना असह्य असते; तोच महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला तर बस्ती ताणत जातो आणि वेदना नाहीशी होते. अशा वेळी वेदनेचा अभाव ही शुभ वार्ता नसते. ग्रंथ आम्हांस पाठ होता, परंतु हात पोटावर ठेवला नव्हता.

आधुनिक दृष्टीने पाहता तरुणपणी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी चाळिशीनंतर मूत्रमार्गाभोवतालच्या भागात वाढू लागते. सहाव्या दशकात सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वृद्धी आढळते. ग्रंथीचा आकार आणि त्रासाचे प्रमाण यांचे गणित मात्र जुळत नाही. लहान ग्रंथीनेही मार्ग बंद होतो आणि मोठी ग्रंथी असूनही काहींची धार चांगली राहते. कारण अवरोधाचे दोन घटक आहेत : एक वाढलेल्या मांसाचा व दुसरा बस्तिमुखाच्या स्नायूंच्या आकुंचनाचा. हा दुसरा घटक दिवसागणिक बदलतो. थंडी, मद्य, मलावरोध, वेगधारण आणि काही औषधी यांनी तो अचानक वाढतो.

आंत्रवृद्धी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील मूत्रज वृद्धी म्हणजे आजचा हायड्रोसील आणि आंत्रज वृद्धी म्हणजे वंक्षणातील हर्निया होय. भार उचलणे, बलवानाशी झुंजणे, वृक्षावरून पडणे इत्यादी कारणांनी प्रकुपित वायू अंत्राचा एकदेश खाली वंक्षणात आणतो, तेथे ग्रंथिरूप होतो आणि उपेक्षा केल्यास फलकोशात उतरतो. दाबले असता शब्द करीत वर जातो आणि सोडले असता पुन्हा फुगतो, असे हे वर्णन आहे. आज खोकून पाहण्याची व गाठ आत सारून पाहण्याची जी परीक्षा आपण करतो, तिचे सार यात आले आहे.

चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील विवेकही लक्षात घेण्याजोगा आहे. फलकोशात न उतरलेल्या अवस्थेत वातवृद्धीप्रमाणे उपचार आणि मार्ग रोखण्यासाठी वंक्षणात अर्धचंद्राकार शलाकेने अग्निकर्म सांगितले आहे. कोशात उतरलेली आंत्रवृद्धी वर्ज्य मानली आहे. हा दोष केवळ औषधाने भरून येणारा नाही, मार्गच रोखला पाहिजे, ही जाण त्यात स्पष्ट आहे. ज्या काळी सुरक्षित संज्ञाहरण नव्हते, त्या काळातील ही प्रांजळ मर्यादा आहे. आज ‘हर्नियावर हमखास गुण’ असे सांगणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

शिवाय वंक्षण व वृषण यांच्या मध्ये विटप मर्म सांगितले असून त्याच्या आघाताने षांढ्य किंवा अल्पशुक्रता येते असे म्हटले आहे. ज्या नलिकेतून शुक्रवाहिनी व वृषणाच्या रक्तवाहिन्या जातात, तिचेच हे क्षेत्र. तेथे जोरजोराने मर्दन करणे, घट्ट पट्टा बांधणे किंवा न जाणारी गाठ बळेने आत ढकलणे का टाळावे, याचे उत्तर या मर्मविचारात आहे.

दोहोंचा संबंध

बस्ती, पक्वाशय, श्रोणी, वंक्षण ही सर्व अपानाची क्षेत्रे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्रवेगाच्या धारणाने होणारी जी लक्षणे सांगितली, त्यांत बस्ती व मेहन यांतील शूल आणि मूत्रकृच्छ्र यांच्या बरोबरीने वंक्षणाचा आनाह सांगितला आहे. मूत्राचा अवरोध आणि जांघेतील ताण एकाच ओळीत बसविणारे हे निरीक्षण आहे.

व्यवहारात संबंध असा जुळतो. मार्ग अरुंद झाला की रुग्ण कुंथून लघवी करू लागतो. दिवसातून दहा वेळा आणि रात्री चार वेळा कुंथल्याने उदरातील दाब वारंवार वाढतो. वयाने शिथिल झालेली वंक्षणाची भित्ती त्या दाबापुढे नमते. जीर्ण कास व मलावरोध यांचेही असेच आहे. म्हणून उतारवयात नव्याने आंत्रवृद्धी झालेल्या प्रत्येक पुरुषास तीन प्रश्न विचारल्याविना पुढे जाऊ नये : खोकला किती दिवसांचा? शौचास कुंथावे लागते का? लघवीस कुंथावे लागते का?

याच्या उलट दिशेनेही विचार हवा. मोठ्या आंत्रवृद्धीत क्वचित बस्तीचाच काही भाग खाली उतरतो. असा रुग्ण सांगतो की, एकदा लघवी झाल्यावर गाठ दाबली की पुन्हा थोडी होते. हे दोन टप्प्यांतील मूत्रविसर्जन मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही आणि शल्यचिकित्सकास ते आधी कळविणे फार महत्त्वाचे असते. तसेच पौरुषग्रंथीचा अवरोध न ओळखता आंत्रवृद्धीचे शस्त्रकर्म केले, तर त्याच रात्री लघवी तुंबण्याचा संभव असतो. कटिप्रदेशात सुई देऊन केलेल्या संज्ञाहरणानंतर तो स्थानिक संज्ञाहरणापेक्षा अधिक असतो. आणि कुंथणे तसेच चालू राहिले तर दुरुस्त केलेल्या जागेवरही ताण येत राहतो. अवरोध लक्षणीय असेल तर त्याचा बंदोबस्त प्रथम, हा क्रम म्हणूनच योग्य ठरतो.

परीक्षण : पंधरा मिनिटांचे काम

त्या घटनेनंतर आम्ही पन्नाशीपुढील प्रत्येक पुरुषासाठी एक क्रम ठरविला आहे. त्यास पंधरा मिनिटे लागतात.

प्रथम प्रश्न. आंतरराष्ट्रीय लक्षणगुणांक म्हणून प्रसिद्ध असलेली सात प्रश्नांची पद्धत आपल्या केसपेपरवर मराठीत छापून घ्यावी. गेल्या महिन्याभरात लघवी झाल्यावर पूर्ण रिकामे वाटले नाही असे किती वेळा झाले? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का? धार थांबून पुन्हा सुरू झाली का? आवरणे कठीण गेले का? धार मंद होती का? सुरुवातीस कुंथावे लागले का? रात्री किती वेळा उठावे लागले? प्रत्येकास ० ते ५ गुण. एकूण ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. यास आम्ही आठवा प्रश्न जोडतो : झोपेत अंथरूण ओले होते का?

द्वितीय स्पर्शन. लघवी करून आल्यावर रुग्णास निजवून अधोदर पाहावे व आहनन करावे. नंतर उभे करून दोन्ही वंक्षणे पाहावीत, खोकावयास सांगावे. वृषणातील उत्सेधामागे विजेरी धरली असता प्रकाश आरपार दिसला तर मूत्रज वृद्धीकडे निर्देश होतो. शेवटी गुदपरीक्षण. मृदू-घट्ट, गुळगुळीत, मधली खाच राखून वाढलेली ग्रंथी सौम्य वृद्धीची. दगडासारखी कठीण, खडबडीत, एका बाजूस गाठ असलेली ग्रंथी अर्बुदाच्या शंकेची. हे परीक्षण आपल्याकडे संकोचाने टाळले जाते, परंतु संकोच पुष्कळदा रुग्णापेक्षा वैद्यालाच अधिक असतो.

तृतीय तपासण्या. मूत्रपरीक्षण, रक्तशर्करा, क्रिॲटिनिन आणि लघवीपूर्वी व लघवीनंतर अशी दोन्ही वेळची सोनोग्राफी. उरलेल्या मूत्राचे प्रमाण हा त्यातील सर्वांत उपयुक्त आकडा होय, ग्रंथीचे वजन नव्हे. धारमापन उपलब्ध असल्यास करावे. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली असता सर्वोच्च वेग सेकंदास १० मिलिलिटरहून कमी आला, तर अवरोधाची शक्यता अधिक असते. मात्र बस्तीचा स्नायूच दुर्बल असला तरीही धार मंद येते, हे विसरू नये. पीएसए तपासणी योग्य रुग्णात करावी, परंतु संसर्ग असताना किंवा मूत्रनलिका नुकतीच घातलेली असताना करू नये. रुग्ण फिनास्टेराइड वा ड्युटास्टेराइड घेत असेल, तर सहा महिने ते वर्षभरात हा आकडा निम्म्यावर येतो. म्हणून तो दुप्पट करून वाचावा. अन्यथा खोटे समाधान मिळते.

रक्तमिश्रित लघवी, ज्वरासह तुंबलेली लघवी, कठीण ग्रंथी, वजन घटणे, अस्थिशूल, वाढलेले क्रिॲटिनिन आणि पूर्णपणे बंद झालेली लघवी यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. पूर्वी आत जाणारी गाठ जाईनाशी झाली, कठीण व दुखरी झाली, सोबत छर्दी व आध्मान असेल, तर दिवसाचाही विलंब नको. अंत्राचा रक्तपुरवठा काही तासांत नष्ट होतो.

औषधांचे सामर्थ्य आणि सीमा

सौम्य व मध्यम लक्षणांत, मूत्र फारसे उरत नसताना व वृक्क निरोगी असताना आपल्या चिकित्सेस चांगला वाव आहे. गोक्षुर, वरुण, पुनर्नवा, तृणपंचमूळ, शिलाजतु यांचे कल्प, अवगाह स्वेद, अनुवासन व निरूह, प्रशिक्षित हातांनी, निर्जंतुक पद्धतीने व संसर्ग नसताना दिलेला उत्तरबस्ती यांनी रुग्णास सुख मिळते हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. एरंडतैलाने मलावरोध दूर केला असता केवळ तेवढ्यानेच धार सुधारलेली आम्ही पाहिली आहे, कारण मलाने भरलेले गुद मूत्रमार्गासही अडवते. वातवृद्धीत एरंडतैल दुधासह महिनाभर देण्याचा सुश्रुतोक्त उपदेश या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

परंतु ‘बरे वाटणे’ आणि ‘रोग थांबणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद आधुनिक औषधांनाही लागू पडतो. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३,००० हून अधिक पुरुषांचे सरासरी साडेचार वर्षे निरीक्षण केले गेले. त्यात डॉक्साझोसिनने लक्षणे कमी झाली, परंतु लघवी पूर्ण तुंबण्याचा व शस्त्रकर्माचा दीर्घकालीन धोका कमी झाला नाही. तो फिनास्टेराइडने आणि दोहोंच्या संयोगाने कमी झाला. पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय असलेल्या सॉ पामेटो या वनस्पतीचे उदाहरणही बोधप्रद आहे. २००६ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचण्यांत ती औषधविरहित गोळीहून सरस ठरली नाही. दोन्ही गटांतील अनेकांना बरे मात्र वाटले होते. तेव्हा पंधराव्या दिवशी रुग्णाने दिलेल्या प्रशस्तिपत्रावर आपण विसंबू नये. गुणांक, उरलेले मूत्र आणि क्रिॲटिनिन हे तीन आकडे आरंभी व दर तीन महिन्यांनी नोंदवावेत. आपल्या कल्पांचा खरा गुण जगापुढे मांडण्याचाही तोच मार्ग आहे.

मूत्रल द्रव्यांविषयी एक इशारा आवश्यक आहे. बांध बंद असताना वरून पाणी सोडल्याने बांध उघडत नाही, मागची जमीन बुडते. बस्ती भरलेला असताना केवळ मूत्रल औषधी वाढवीत जाणे हे तसेच आहे. श्वेतपर्पटीत सोरा असतो आणि यवक्षार हा मुख्यतः पोटॅशियमचा क्षार आहे. अवरोधाने वृक्क दुर्बल झाले असतील, तर शरीरात पोटॅशियम साठून हृदयास अपाय होऊ शकतो. क्रिॲटिनिन पाहिल्यावाचून वृद्ध रुग्णात हे कल्प देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

औषधालयचालकांसाठी

आपला औषधालयचालक बंधू हा अनेक रुग्णांचा पहिला सल्लागार असतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी. सर्दीच्या गोळ्यांतील फिनाइलएफ्रीन, स्यूडोएफेड्रीन आणि क्लोरफेनिरामीन यांनी पौरुषग्रंथीच्या रुग्णाची लघवी एका रात्रीत पूर्ण बंद पडू शकते. हे अनेकांना ठाऊक असते. आपल्याच फळीवरील औषधींविषयी मात्र तितकी जागरूकता दिसत नाही. कनकासवात धत्तूर आहे. सर्पगंधा घनवटीत पारसीक यवानी असते. या दोन्ही द्रव्यांतील ॲट्रोपीन-वर्गीय घटक बस्तीच्या स्नायूचे आकुंचन मंदावतात. श्वासासाठी कनकासव नेणारा सत्तरीचा गृहस्थ ‘लघवीला जरा थांबून होते’ असे म्हणाला, तर ती बाटली त्याच्या हाती देण्यापूर्वी वैद्यास विचारावे. तोच रुग्ण टॅम्सुलोसिनसारखी गोळी घेत असेल आणि त्यावर रात्री सर्पगंधा दिली, तर रक्तदाब उतरून पहाटे लघवीस उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. मोतीबिंदूचे शस्त्रकर्म ठरले असल्यास टॅम्सुलोसिन चालू असल्याचे नेत्रशल्यज्ञास सांगावे, ही आठवणही द्यावी.

हर्नियाच्या पट्ट्याविषयी. पट्टा हा उपचार नाही. तो भित्ती भरून आणीत नाही. शस्त्रकर्मास अपात्र किंवा प्रतीक्षेत असलेल्या रुग्णास तो तात्पुरता आधार देतो, तोही गाठ पूर्णपणे आत गेल्यावर, निजलेल्या स्थितीत बांधला तरच. बाहेर असलेल्या गाठीवर बांधलेला पट्टा अंत्रास चिरडू शकतो. विकताना एवढे दोन वाक्यांत सांगता येते. आमच्या शिक्षक रुग्णाने तीन वर्षे पट्टा बांधला. त्या तीन वर्षांत ‘लघवीला कुंथावे लागते का’ असे त्यांना कोणीच विचारले नाही. शेवटी विचारण्याची पाळी आमची होती आणि आम्हीही विचारले नाही.

जाहिरातींबाबत सावधगिरी हवी. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत पौरुषग्रंथीचे विकार व हायड्रोसील यांचा समावेश आहे. या विकारांवर उपचाराचा दावा करणारे फलक व पत्रके लावणे हा अपराध ठरतो, हे नव्या मालाचे भडक फलक दुकानात टांगताना ध्यानी ठेवावे.

शस्त्रकर्माविषयी

शस्त्रकर्मास पाठविणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव, ही भावना सुश्रुताच्या परंपरेस शोभणारी नाही. पौरुषग्रंथीचे शस्त्रकर्म आज बहुधा मूत्रमार्गातूनच, बाहेर छेद न घेता होते. आंत्रवृद्धीत इटलीच्या बासिनींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाया घातला आणि अमेरिकेतील लिचेनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ताणविरहित जाळीची पद्धत प्रसिद्ध केली. या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान अभिमानास्पद आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्याच उदरभित्तीतील कंडरापट्टी वापरून जाळीवाचून दुरुस्ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून २००३ मध्ये अनेक केंद्रांतील अनुभव मांडला. पुढे युगांडात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी अल्पमोली जाळी व्यापारी जाळीच्या तोडीची ठरली. ग्रामीण रुग्णाची ऐपत ध्यानात घेऊन केलेले संशोधन जगभर कसे पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

प्रत्येक आंत्रवृद्धीस तातडीच्या शस्त्रकर्माची गरज असते असेही नाही. अत्यल्प त्रास असलेल्या पुरुषांवरील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तातडीची अडचण उद्‌भवण्याचे प्रमाण दर हजार रुग्णवर्षांस दोनहून कमी आढळले. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील निरीक्षणात दहा वर्षांत सुमारे दोनतृतीयांश रुग्णांनी, मुख्यतः वेदनेमुळे, शस्त्रकर्म करून घेतले. म्हणजे थांबता येते, परंतु डोळे उघडे ठेवून. या थांबण्याच्या काळात कास, मलावरोध आणि मूत्रावरोध यांची चिकित्सा करणे, भार उचलणे वर्ज्य करणे आणि शस्त्रकर्मानंतर मलप्रवृत्ती सुखाची राखणे, हे आपले खरे क्षेत्र आहे. वृद्धिरोगात व्यायाम, अश्वारोहण, वेगविधारण व गुरुभोजन टाळावे असे आचार्यांनी सांगितले, त्याचे आजचे रूप रुग्णास त्याच्या भाषेत सांगावे : धान्याचे पोते उचलू नका, खडबडीत रस्त्यावर दुचाकी जपून चालवा, प्रवासात लघवी दाबून ठेवू नका, रात्रीचे जेवण हलके ठेवा, निजण्यापूर्वी दोन तास पाणी व चहा बेताने घ्या.

समारोप

त्या रुग्णानंतर आमच्या चिकित्सालयातील तपासणीच्या मंचकावरील पडदा आम्ही बदलून घेतला. पूर्वी तो आखूड होता, त्यामुळे वृद्ध पुरुष कपडे सैल करण्यास संकोचत. बाब क्षुल्लक, परंतु तिच्यामुळे परीक्षण टळत असे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्याच शास्त्राने शिकविली. तीतील स्पर्शन नाडीपुरतेच राहिले, तर दोष शास्त्राचा नव्हे, आपला.

वैद्यबंधूंना आमची एवढीच विनंती आहे की, यापुढे साठीच्या रुग्णाने जाता जाता लघवीची गोष्ट काढली, तर त्याला पुन्हा खुर्चीवर बसवावे, नंतर मंचकावर निजवावे, आणि औषधाची पुडी बांधण्यापूर्वी नाभीखाली एकदा हात ठेवून पाहावे.